पाचवीला पुजलेली अवजारे : विदर्भातील जन्मविधी आणि प्राचीन इजिप्तमधील अवजाराकृती ताईत

सारांश

रोजच्या वापरातील अवजार माणसाचे रक्षण करते, ही कल्पना अनेक प्राचीन समाजांत आढळते. प्राचीन इजिप्तमध्ये गुण्या, ओळंबा, मानेखालचा टेकू, सुरी इत्यादी साधनांच्या बोटभर प्रतिकृती ताईत म्हणून वापरल्या जात. महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भात, अशा प्रतिकृती फारशा आढळत नाहीत. येथे प्रत्यक्ष अवजारच काही काळ रक्षकाचे काम करते आणि पुन्हा कामाला लागते. पाचवीच्या पूजेतील पाटा-वरवंटा व विळा हे त्याचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या दोन पद्धतींची तुलना करून, अवजाराला रक्षकाचे स्थान त्याच्या आकारामुळे नव्हे तर जीवनाच्या उंबरठ्यावर त्याने केलेल्या प्रत्यक्ष कामामुळे मिळते, असे प्रतिपादन केले आहे. याच विळ्याची दुसरी, घातक बाजूही लेखाच्या उत्तरार्धात विचारात घेतली आहे.

बीजशब्द : पाचवी, सटवाई, पाटा-वरवंटा, विळा, ताईत, इजिप्त, नाळ, धनुर्वात.

१. प्रस्तावना

‘दारिद्र्य त्याच्या पाचवीलाच पुजले होते’ हे वाक्य मराठीच्या बहुतेक प्राध्यापकांनी वाक्प्रचाराचे उदाहरण म्हणून वर्गात केव्हा ना केव्हा दिलेले असते. अर्थ सांगताना ‘जन्मापासून पाठीशी लागणे’ एवढे सांगून आपण पुढे जातो. परंतु पाचवीला प्रत्यक्षात काय पुजले जाते, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर उत्तर द्यावे लागते : एक पाटा, एक वरवंटा, एक विळा किंवा सुरी, कोरा कागद आणि लेखणी. देवीची घडीव मूर्ती असतेच असे नाही. अवजारे मात्र असतात.

आजच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांचा जन्म रुग्णालयात झालेला आहे. त्यांच्या घरी मिक्सर आहे, पाटा अंगणात पालथा पडलेला आहे आणि पाचवीचा विधी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या आठवणीपुरता उरला आहे किंवा संक्षिप्त झाला आहे. वाक्प्रचार जिवंत आहे. त्याच्या मागची वस्तू मात्र नजरेआड होत आहे. ही वस्तू नेमकी कोणती, ती तेथे का आली आणि जगात अन्यत्र असे काही घडले आहे काय, या प्रश्नांतून प्रस्तुत लेखनाची सुरुवात झाली.

तुलनेसाठी इजिप्तची निवड करण्याचे कारण असे की, अवजारांच्या आकाराचे ताईत तेथे मोठ्या संख्येने सापडले आहेत आणि त्यांचा पद्धतशीर अभ्यासही झालेला आहे. इजिप्त आणि विदर्भ यांच्यात या बाबतीत काही देवाणघेवाण झाली असे येथे सुचवावयाचे नाही. दोन दूरच्या समाजांनी एकाच प्रश्नाला दिलेली दोन उत्तरे शेजारी ठेवून पाहणे, एवढाच या तुलनेचा हेतू आहे.

२. पाचवीचा पाटा : काय मांडले जाते?

बाळाच्या जन्मानंतरच्या पाचव्या दिवशी पाचवी आणि सहाव्या दिवशी सटी म्हणजे षष्ठी पुजली जाते. काही घरांत दोन्ही, तर काही घरांत एकच विधी होतो. गावपरत्वे व जातिपरत्वे तपशील बदलतात. समान गाभा मात्र असा : बाळंतिणीच्या खोलीत पाटा मांडतात, त्यावर वरवंटा ठेवतात, जवळ विळा, कोयता किंवा सुरी ठेवतात, हळदकुंकू वाहतात, नैवेद्य दाखवितात, आणि रात्री दिवा विझू देत नाहीत. कोरा कागद व लेखणी ठेवली जाते ती सटवाईसाठी. त्या रात्री ती येऊन बाळाच्या कपाळी त्याचे विधिलिखित लिहून जाते, अशी समजूत आहे. ‘सटवाईचा लेख’ हा शब्दप्रयोग तेथूनच आला.

या विधीत विळ्याला दोन प्रकारचे स्थान आहे. काही घरांत ज्या पात्याने बाळाची नाळ कापली तेच पाते पाचवीला पुजले जाते. पूजा झाल्यावर विळा, सुरी किंवा अडकित्ता यांपैकी एखादी लोखंडी वस्तू बाळ-बाळंतिणीच्या उशाखाली ठेवली जाते. आमच्या भागात, वऱ्हाडी बोलीत ज्याला ‘इळा’ म्हणतात तो, बाळंतीण परसात जाताना हाती घेऊन जात असे, असे वृद्ध स्त्रिया सांगतात.

वरवंट्याचे काम बारशाच्या दिवशी पुन्हा निघते. वरवंट्याला कुंची किंवा झबले घालून सजवितात, बाळाआधी पाळण्यात निजवितात आणि स्त्रिया तो पाळण्याच्या वरून व खालून एकमेकींच्या हाती देतात. चटणी वाटणारा दगड काही क्षण बाळाचे प्रतिरूप होतो. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय इतिहासावरील आपल्या ग्रंथात पाटा-वरवंट्याच्या या विधीची दखल घेतली. हे उपकरण अश्मयुगाकडून आलेले आहे, त्याचा विधी स्त्रियांच्या हाती आहे आणि पोथीचा त्याला आधार नाही, या बाबी त्यांना महत्त्वाच्या वाटल्या. शेती, धातू आणि लेखन यांच्याही आधीचे एक साधन स्वयंपाकघरात टिकून राहिले आणि त्याच्याबरोबर त्याचे रक्षकत्वही टिकून राहिले, हा त्यांच्या निरीक्षणाचा मथितार्थ होय.

पोथीचा आधार पाट्याला नसला तरी मुसळाला आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागृहाच्या रक्षाविधीचे वर्णन करताना दारात उंबरठ्याशी मुसळ आडवे ठेवावे, असे सांगितले आहे. तेथेच नाळ कापण्यासाठी सोने, रूपे किंवा लोखंड यांच्या तीक्ष्ण शस्त्राचाही उल्लेख येतो. म्हणजे कांडणारे अवजार दारावर पहारा करते आणि कापणारे अवजार आत काम करते. वैद्यकाच्या ग्रंथात या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आल्या आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

जन्माखेरीज अन्य प्रसंगीही अवजारे अशीच पुढे येतात. लग्नात घाणा भरताना मुसळांना किंवा जात्याला हळकुंड बांधले जाते. हळद लागलेल्या नवरदेवाच्या हाती कट्यार दिली जाते आणि तिच्या टोकाला लिंबू खोचलेले असते. घराचा पाया खणण्यापूर्वी कुदळीला कुंकू लागते. खंडेनवमीला सुताराचा वाकस, लोहाराचा घण, शेतकऱ्याचा नांगर यांची पूजा होते. काही कारागीर जातींत व्यवसायाचे अवजार हेच देवक असते.

या सर्व उदाहरणांत एक सूत्र आढळते. पुजलेले अवजार देव्हाऱ्यात कायमचे बसत नाही. पाचवीचा पाटा दुसऱ्या दिवशी चटणी वाटतो, विळा वांगी चिरतो, कुदळ माती खणते. रक्षकत्व हे त्या वस्तूचे तात्पुरते पद आहे. तिचा पेशा मात्र काम करण्याचाच आहे.

३. इजिप्तमधील अवजाराकृती ताईत

आता इजिप्तकडे वळू. तेथील ताइतांचा पहिला मोठा पद्धतशीर अभ्यास ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी १९१४ साली ‘अ‍ॅम्युलेट्स’ या ग्रंथात केला. त्यांनी पावणेतीनशेच्या आसपास प्रकार नोंदवून त्यांची पाच गटांत विभागणी केली : सादृश्यावर आधारलेले, सामर्थ्य देणारे, मालमत्तेचे प्रतिनिधी असलेले, संरक्षक आणि देवतारूप. अवजारांच्या प्रतिकृती यांपैकी एकाच गटात बसत नाहीत. यावरूनच त्यांचे अर्थ किती वेगवेगळे होते याची कल्पना येते.

यातील काही प्रमुख नमुने पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(अ) मानेखालचा टेकू : इजिप्तमध्ये उशीऐवजी लाकडाचा किंवा दगडाचा अर्धचंद्राकार टेकू मानेखाली घेत. त्याची लहानशी प्रतिकृती ममीच्या मानेजवळ ठेवली जाई. उत्तर काळात, म्हणजे इ.स.पू. ६६४ ते ३३२ या अवधीत, हे ताईत विशेष प्रचारात होते आणि बहुधा हेमॅटाइट या काळसर लोहखनिजाचे घडविले जात. ‘मृतांचे पुस्तक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंत्रसंग्रहातील १६६ वा मंत्र या टेकूचा आहे. निजलेल्याचे डोके उचलले जावे व ते धडापासून वेगळे होऊ नये, हा त्याचा आशय. झोपेतून उठविणारी वस्तू मृत्यूतूनही उठवील, असा हा सरळ तर्क आहे.

(आ) गुण्या आणि ओळंबा : गवंडी व सुतार काटकोन तपासण्यासाठी गुण्या वापरतात आणि भिंत सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी ओळंबा सोडतात. इजिप्तमध्ये दोन तिरक्या पायांच्या चौकटीतून दोरी सोडलेले समतल पाहण्याचे साधन होते. या दोन्हींच्या छोट्या प्रतिकृती उत्तर काळातील ममींवर आढळतात. भिंतीला जो तोल व सरळपणा ही साधने देतात, तो मृताला परलोकात कायमचा लाभावा, असा त्यांचा अर्थ अभ्यासक लावतात. मराठीत ‘सरळ’ हा शब्द भिंतीलाही लागतो आणि माणसालाही लागतो. म्हणून ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये.

(इ) लेखनिकाची पाटी : शाईच्या खळग्या व लेखणीची खाच असलेली फळी हे लेखनिकाचे साधन. तिचेही ताईत आहेत. लिहिणाऱ्याला मिळणारी प्रतिष्ठा व ज्ञान मृताला मिळावे, हा हेतू.

(ई) पेसेश-केफ : माशाच्या शेपटीप्रमाणे टोकाशी दुभंगलेले गारगोटीचे पाते. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

ताइतांखेरीज अवजारांच्या इतर प्रतिकृतीही होत्या. इ.स.पू. पंधराव्या शतकात राणी हॅटशेपसूट हिने डेर-एल-बहरी येथे बांधलेल्या मंदिराच्या पायात वाकस, पटाशी, कुदळ इत्यादींचे नमुने पुरलेले सापडले. १९२२ साली हॉवर्ड कार्टर यांना सापडलेल्या तुतानखामेनच्या थडग्यात ४१३ शाब्ती, म्हणजे मृताऐवजी परलोकात राबणाऱ्या बाहुल्या, होत्या; त्यांच्यासाठी अठराशेहून अधिक छोटी अवजारे दिलेली होती. त्याच थडग्यात लोखंडाच्या मोजक्याच वस्तू निघाल्या; त्यांत एक खंजीर, मानेखालच्या टेकूची एक लहान प्रतिकृती आणि सोळा नाजूक पटाशा होत्या. खंजिराचे लोखंड अशनीचे, म्हणजे आकाशातून पडलेल्या उल्केचे आहे, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या रासायनिक परीक्षणाने दाखवून दिले. पुढील काळात इजिप्शियन भाषेत लोखंडाला ‘आकाशाचा धातू’ अशा अर्थाचा शब्द रूढ झाला. या पटाशा इतक्या नाजूक आहेत की त्यांनी लाकूड तासता येणार नाही. त्या कामासाठी घडविलेल्याच नव्हत्या.

४. प्रतिकृती आणि प्रत्यक्ष

येथे दोन्ही पद्धतींतील मुख्य भेद स्पष्ट होतो. इजिप्तमधील ताईत हा काम न करणारे अवजार आहे. तो आकाराने लहान, पदार्थाने मौल्यवान आणि स्थानाने कायमचा आहे. एकदा ममीच्या वस्त्रांत गुंडाळला की तो बाहेर यावयाचा नाही. पाचवीचा विळा मात्र काम करणारेच अवजार आहे. त्याचा आकार खरा, धार खरी आणि धारेवर कामाचे डागही खरे.

जेम्स फ्रेझर यांनी ‘द गोल्डन बाऊ’ या १८९० पासून क्रमाक्रमाने विस्तारत गेलेल्या ग्रंथात जादूच्या मागे दोन तत्त्वे दाखविली. पहिले सादृश्याचे : सारख्याने सारखे घडते. दुसरे संपर्काचे : एकदा स्पर्श झालेल्या वस्तू दूर गेल्या तरी त्यांचा परस्परांवर परिणाम होत राहतो. फ्रेझर यांच्या अनेक निष्कर्षांवर पुढे टीका झाली असली तरी वर्गीकरणाची सोय म्हणून हा भेद अद्याप उपयोगी आहे. त्याआधारे इजिप्तमधील टेकू वा गुण्या सादृश्याच्या बाजूला जातात, तर नाळ कापलेला विळा संपर्काच्या बाजूला जातो. बारशाचा वरवंटा मात्र दोन्हींत बसतो : तो दगडाचा टिकाऊपणा बाळाला देतो, हे सादृश्य, आणि बाळाच्याच पाळण्यात निजतो, हा संपर्क.

भारतात प्रतिकृतीची पद्धत अजिबात नव्हती असे नाही. लहान मुलाच्या गळ्यात विष्णूच्या पाच आयुधांच्या छोट्या आकृती ओवलेली माळ घालण्याची प्रथा होती. संस्कृतात तिला पंचायुध म्हणतात आणि तमिळ साहित्यात तीच ‘ऐम्पडैत्ताली’ या नावाने येते. आपल्याकडे चांदीत मढविलेले वाघनखही मुलांच्या गळ्यात असे. परंतु पंचायुध ही देवाची शस्त्रे आहेत आणि वाघनख हा प्राण्याचा अवयव आहे. घरातील विळ्याची किंवा पाट्याची चांदीची प्रतिकृती करून बाळाच्या गळ्यात बांधावी, असे आपल्याकडे सहसा कोणाला वाटले नाही. कारण विळा हाताशीच होता. ज्या घरात वस्तू आहे, त्या घराला तिच्या प्रतिमेची गरज पडत नाही. इजिप्तमधील मृताचा प्रवास एकट्याचा व अखेरचा. त्याच्याबरोबर घर जाऊ शकत नव्हते, म्हणून घरातील वस्तूंच्या प्रतिमा गेल्या.

५. नाळ कापणारे पाते

हा भेद मान्य केल्यावर एक साम्य अधिक ठळकपणे समोर येते. ते पेसेश-केफ या पात्याशी संबंधित आहे.

गारगोटीची ही दुभंगलेली पाती इ.स.पू. चौथ्या सहस्रकातील थडग्यांतही आढळतात. पुढे ‘मुख उघडणे’ या विधीत ती वापरली जाऊ लागली. मृताला पुन्हा खाता, पिता व बोलता यावे म्हणून त्याच्या ममीच्या किंवा पुतळ्याच्या मुखाला निरनिराळी अवजारे लावली जात. त्यांत सुताराचा वाकसही असे. जुन्या राज्याच्या अखेरीपासून पेसेश-केफचे ताईतही दिसू लागतात. अमेरिकन अभ्यासक अ‍ॅन मेसी रॉथ यांनी १९९२ साली असे मत मांडले की, हे पाते मुळात नवजात बाळाची नाळ कापण्याचे असावे आणि मुख उघडण्याचा विधी म्हणजे बाळाच्या जन्मक्रमाचीच मृतासाठी केलेली पुनरावृत्ती असावी. मृत हा परलोकात जन्मणारे बाळ. म्हणून त्याच्यासाठीही प्रथम नाळ कापणारे पाते हवे. हे मत सर्वमान्य नाही. तथापि एका कामाच्या वस्तूला विधीत आणि ताइतात स्थान का मिळाले, याचे ते सुसंगत स्पष्टीकरण आहे.

विदर्भातील पाचवीच्या विळ्याकडे या प्रकाशात पाहिले तर रॉथ यांनी ज्याची केवळ कल्पना केली ते येथे प्रत्यक्ष घडत आले आहे, असे दिसते. नाळ कापणे हा माणसाच्या आयुष्यातील पहिला छेद. एका देहाचे दोन देह त्या क्षणी होतात. त्या छेदाचे साधन पाचव्या दिवशी हळदकुंकवाचे धनी होते. म्हणजे त्याचे रक्षकत्व धारदार आकारातून आलेले नसून त्याने केलेल्या कामातून आलेले आहे.

आणखी एक साम्य नोंदविणे आवश्यक आहे. इजिप्तमध्ये स्त्रिया प्रसूतीच्या वेळी विटांवर पाय टेकून उकिडव्या बसत. या विटेची देवता मेस्खेनेत. तिचे चित्रण कधी स्त्रीमुख असलेल्या विटेच्या रूपात आढळते. बाळाचे भवितव्य ठरविण्याचे कामही तिचेच. वेस्टकार पपायरस या नावाने प्रसिद्ध असलेल्या कथासंग्रहात एका स्त्रीला तीन मुले होतात आणि प्रत्येक वेळी मेस्खेनेत पुढे येऊन हा राजा होईल असे सांगते. अशी एक चित्रित वीट २००१ साली अबायडॉस येथे जोसेफ वेग्नर यांच्या उत्खननात प्रत्यक्ष सापडली. तिचा काळ सुमारे इ.स.पू. १७०० च्या आसपासचा आहे आणि तिच्यावर आई व नवजात बालक यांचे चित्र आहे.

एकीकडे वीट आणि भविष्य सांगणारी मेस्खेनेत, दुसरीकडे पाटा आणि भविष्य लिहिणारी सटवाई. दोन्हीकडे साधी, जड, मातीशी जवळीक असलेली वस्तू आणि दोन्हीकडे बाळाच्या नशिबाची नोंद. याचा अर्थ एकीकडून दुसरीकडे काही गेले, असा काढण्याचे कारण नाही. जन्म ही सर्वांत अनिश्चित घटना. तिच्या वेळी हाताशी असलेली सर्वांत स्थिर वस्तू देवतेचे आसन होते, एवढेच सामान्य सूत्र त्यातून मांडता येते.

६. शिलावर्तुळांतील लोखंड

विदर्भात मृत्यूच्या बाजूचा पुरावाही आहे. महापाषाणयुगीन शिलावर्तुळे नागपूर परिसरात विपुल आहेत. आपल्या वर्धा जिल्ह्यातील खैरवाडा येथेही ती आहेत. टाकळघाट-खापा आणि माहुरझरी येथील उत्खनने डॉ. शां. भा. देव यांनी १९६८ ते १९७२ या काळात केली. इ.स.पू. पहिल्या सहस्रकातील या दफनांत कुऱ्हाडी, पटाशा, वाकस, खंजीर अशी लोखंडी साधने मिळाली. नैकुंड येथे तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली.

येथेही तोच भेद कायम आहे. इजिप्तमध्ये मृताला अवजाराची प्रतिमा मिळाली. विदर्भात मृताला अवजारच मिळाले. यावरून महापाषाणयुगीन दफने आणि पाचवीचा विळा यांत अखंड परंपरा आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल. मधल्या अडीच हजार वर्षांत पुष्कळ काही बदलले आहे. परंतु लोखंड येथे फार पूर्वीपासून घरचे होते आणि जीवनाच्या दोन्ही टोकांना ते माणसाच्या सोबत ठेवले जात होते, हे मात्र निश्चित.

७. विळ्याची दुसरी बाजू

येथवरचे विवेचन वाचून पाचवीच्या विळ्याविषयी केवळ कौतुक वाटले तर तो या लेखाचा दोष ठरेल. प्रस्तुत लेखकाच्या आजीची दोन मुले जन्मानंतर आठवड्याच्या आत गेली. पहिले बाळ पाचव्या दिवसापर्यंत चांगले दूध पीत होते. मग तोंड आवळले, दूध ओढता येईना, अंग ताठ झाले. घरात ‘सटवीने नेले’ असेच म्हटले गेले. नाळ घरच्याच विळ्याने कापली होती आणि तोच विळा पुजलाही होता. आजी हे सांगताना विळ्याला दोष देत नसे. आपलेच पुजण्यात काही चुकले असावे, असे तिला अखेरपर्यंत वाटत राहिले.

ही लक्षणे नवजात धनुर्वाताची आहेत. या रोगाचे जंतू माती व शेण यांत असतात. गवत कापणाऱ्या विळ्याच्या पात्यावर त्यांची बीजे राहू शकतात आणि कापलेल्या नाळेतून ती बाळाच्या शरीरात शिरतात. लक्षणे बहुधा जन्मानंतर तिसऱ्या दिवसापासून पुढे आणि विशेषतः पहिल्या आठवड्याच्या अखेरीस दिसू लागतात. पाचव्या व सहाव्या रात्रीचे जागरण, बाळाला एकटे न सोडणे, सटवाईची भीती यांचा या काळाशी मेळ बसतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. विधीचा उगम रोगातच आहे असे सिद्ध करता येत नाही. पण ज्या दिवसांत बाळे दगावत त्याच दिवसांवर समाजाने पहारा बसविला होता, एवढे म्हणता येते. दुर्दैव असे की, पहाऱ्यावर ठेवलेले अवजारच कित्येकदा घात करून गेलेले होते.

हे चित्र पालटले ते स्वच्छ पाते, उकळलेला दोरा, धुतलेले हात आणि गर्भवतीला दिली जाणारी धनुर्वात प्रतिबंधक लस यांमुळे. सुईणींच्या प्रशिक्षणात नवे पाते वापरण्यावर भर दिला गेला. १९६९ साली सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली आणि ग्रामीण आरोग्य हा वैद्यकीय शिक्षणाचाच विषय झाला. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेनंतर देशभर रुग्णालयातील प्रसूतींना चालना मिळाली. भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मान्य केले.

आज नाळ निर्जंतुक कात्रीने कापली जाते आणि ती कात्री घरी येत नाही. म्हणजे पाचवीला जो विळा आता पुजला जातो त्याने नाळ कापलेली नसते. नकळत तो इजिप्तमधील ताइताच्या जवळ गेला आहे : काम न करता केवळ कामाची आठवण ठेवणारी वस्तू. संपर्काचे तत्त्व मागे पडून सादृश्याचे तत्त्व पुढे आले आहे. हा बदल आपल्या डोळ्यांदेखत, एकदोन पिढ्यांत घडलेला आहे आणि तो स्वागतार्ह आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) प्राचीन इजिप्तमध्ये अवजाराची प्रतिकृती आणि विदर्भात प्रत्यक्ष अवजार रक्षक म्हणून वापरले गेले. पहिली पद्धत मुख्यतः मृतासाठी व कायमची, तर दुसरी मुख्यतः नवजातासाठी व तात्पुरती आहे.

२) दोन्हीकडे निवडलेली अवजारे यादृच्छिक नाहीत. कापणे, आधार देणे, तोल पाहणे, वाटणे, लिहिणे अशी ज्यांची क्रिया जन्ममृत्यूच्या प्रसंगी अर्थपूर्ण ठरते तीच निवडली गेली.

३) पेसेश-केफविषयीचे रॉथ यांचे मत आणि पाचवीचा विळा शेजारी ठेवल्यास, अवजाराचे रक्षकत्व त्याने केलेल्या प्रत्यक्ष कामातून निर्माण होते, या विधानाला बळ मिळते.

४) पूजनीय वस्तू निर्दोष असतेच असे नाही. नवजात धनुर्वाताचा इतिहास ही गोष्ट स्पष्ट करतो.

आपल्या महाविद्यालयांच्या दृष्टीने यातून एक काम सुचते. वर्ध्यातील मगन संग्रहालय १९३८ पासून ग्रामोद्योगांची साधने सांभाळीत आले आहे. साधन हे अभ्यासाचा विषय आहे, हे या जिल्ह्याला नव्याने सांगावयास नको. परंतु पाचवीला कोणते पाते पुजले, नाळ कशाने कापली, बाळ कितव्या दिवशी गेले व घरात काय म्हटले गेले, ही माहिती कोणत्याही संग्रहालयात नसते. ती सत्तरी ओलांडलेल्या स्त्रियांच्या स्मरणात आहे. मराठी, इतिहास, समाजशास्त्र आणि गृहअर्थशास्त्र या विभागांनी मिळून विद्यार्थ्यांकडून ती लिहवून घेतली, तर एका प्रकल्पात लोकसाहित्य व आरोग्य या दोहोंचा इतिहास हाती लागेल. नोंद करताना विळ्याची थट्टा करू नये आणि त्याचे गुणगानही करू नये. त्याने काय केले ते लिहावे.

‘पाचवीला पुजलेले’ याचा अर्थ यापुढे वर्गात सांगताना पाटा, वरवंटा आणि विळा यांची नावे घेतली गेली, आणि त्याबरोबर त्या पाचव्या-सहाव्या दिवशी दगावलेल्या बाळांचीही आठवण ठेवली गेली, तरी या लेखाचे प्रयोजन साधले असे म्हणता येईल.